पेल्यातलं विरजण

नॉर्वेतल्या पोर्सग्रुनच्या त्या कंपनीत चुकीला एकच शिक्षा होती, केकची. कुणी झडप उघडी ठेवली, कुणी मीटिंग विसरलं, कुणी दुसऱ्याच्या जागी गाडी लावली, की येत्या शुक्रवारी त्यानं घरी भाजलेला केक आणायचा, सुरी लावण्याआधी उभं राहून आपली चूक एका वाक्यात सांगायची आणि खाली बसायचं. मग सगळ्यांनी खायचं. केक संपला की चूक संपली. त्यानंतर तिचा उल्लेख करणं असभ्य समजलं जाई. नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो कसोशीनं पाळला जाई. किरकोळ चुकीला साधा केक, मध्यम चुकीला क्रीमचा. मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या गोड लगद्यानं मढवलेला केक आजवर एकदाच आला होता, कुणीतरी खाडीचं पाणी हिरवं करून ठेवलं होतं तेव्हा. त्या केकची आठवण लोक अजून काढतात. खाडीची कुणी काढत नाही.

गेल्या हिवाळ्यात आयलिफ हाऊकदालला हे केक गिळेनासे झाले. केकमध्ये दोष नव्हता. ते गुन्वोर त्वैतान भाजायची, आणि गुन्वोरच्या हाताला चव होती. अडचण एवढीच, की ज्या चुकांसाठी ते भाजले जात होते त्या गुन्वोरच्या नव्हत्या. त्या आयलिफच्या होत्या, आणि हे आयलिफखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

आयलिफ प्रयोगशाळेत जिओलाइट शिजवायचा. शिजवणं हाच त्याला खरा शब्द. सिलिका, थोडं ॲल्युमिनियम, कॉस्टिक सोडा आणि पाणी यांची खळ करायची, ती टेफ्लॉनच्या पेल्यात ओतायची, पेला पोलादी डब्यात घट्ट बंद करून भट्टीत ठेवायचा आणि आपण घरी जायचं. काही दिवसांनी आत पांढरी भुकटी मिळते. दिसायला पिठीसाखर, पण तिच्या कणाकणात रेणूच्या मापाची भोकं. मापाचे रेणू त्यातून आत जातात आणि बदलून बाहेर येतात; बेमापाचे दाराशीच थांबतात. टाकाऊ प्लॅस्टिक तापवून निघालेल्या वाफेतून पुन्हा कामाचा माल काढील असा एक जिओलाइट कंपनीकडे होता. पण तो महाग पडे, कारण ती भोकं आपसूक पडत नाहीत. खळीत एक किमती रेणू घालावा लागतो आणि स्फटिकाच्या भिंती त्याच्याभोवती उभ्या राहतात. म्हणजे आधी पाहुण्याला बोलवायचं, त्याच्या अंगाच्या मापानं घर बांधायचं, आणि घर पुरं झालं की पाहुण्याला आतल्या आत जाळून टाकायचं. पुढच्या घराला नवा पाहुणा.

आयलिफनं पाहुण्याशिवाय घर बांधून दाखवलं. एकदा नाही, दर वेळी. क्ष-किरणांच्या यंत्रानं तशी ग्वाही दिली. पेटंटचा अर्ज गेला. त्यात 'बाहेरून काहीही न घालता' असे शब्द होते, आणि सगळी किंमत त्या शब्दांची होती. कंपनीनं त्याला काचेचा एक ठोकळा दिला, ज्यात त्याचं नाव कोरलं होतं आणि ज्याचा दुसरा काही उपयोग नव्हता. संशोधनप्रमुख स्टिग-आर्वे, ज्याला प्रत्येक गोष्टीत प्रवास दिसायचा, म्हणाला, "हा आपल्या सगळ्यांचा प्रवास आहे." आणि कृती गुन्वोरकडे गेली.

गुन्वोर प्रायोगिक कारखान्याची प्रमुख. प्रयोगशाळेत पेलाभर होतं ते तिनं पिंपभर करून दाखवायचं, मग पुढे मोठा कारखाना. त्यासाठी तिला नवंकोरं पोलादी भांडं आणून दिलं होतं. तिथली माणसं त्याला 'गाय' म्हणत, कारण तिला चारा घालणं आपल्या हातात आणि दूध देणं तिच्या मर्जीवर. गायीनं गारगोटी दिली. भोक नाही, काही नाही. वाळू घालून, तापवून, दिवस मोजून शेवटी वाळूच हाती आली. पुन्हा केलं, पुन्हा वाळू.

आयलिफला कारण कळलं ते जानेवारीत, आणि तेही योगायोगानं. प्रत्येक जिओलाइटवाल्याचा एक लाडका पेला असतो. नियम असा, की दर खेपेनंतर पेला कडक सोड्यात उकळून काढायचा. आयलिफ तो गरम पाण्यानं धुवायचा आणि ब्रश फिरवायचा. सोड्यानं पेल्याचा स्वभाव बिघडतो असं त्याचं मत होतं. विज्ञानात तीस वर्षं काढल्यावर माणसाची अशी मतं होतात. तर जानेवारीत हा पेला पोलादी डब्यात अडकून बसला, म्हणून त्यानं तीच कृती नव्या पेल्यात लावली. गारगोटी निघाली.

त्यानं जुना पेला सोडवून दिव्याखाली धरला. आतल्या ओरखड्यांत पांढऱ्या रेघा होत्या. टाचणीनं खरवडून ती चिमूट यंत्राला दिली. जुना जिओलाइट, याच पेल्यात कधीकाळी पाहुण्यासकट शिजवलेला. नव्या खळीनं त्या जुन्या कणांकडे बघून घर बांधायला घेतलं होतं, इतकंच.

सेटेस्डालच्या खोऱ्यातली त्याची आत्या दही लाकडी बुधलीत लावायची आणि ती बुधली जन्मात कधी उकळत्या पाण्यानं धुतली नव्हती. "मी विरजण घालतच नाही," ती अभिमानानं सांगायची. "माझं दूध आपोआप लागतं." सगळं खोरं तिला हसायचं. आयलिफही हसला होता.

त्यानं तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या शुक्रवारी साध्या केकवर भागलं असतं. पण आधी खात्री करावी म्हणून एक आठवडा गेला. मग पेटंटच्या शब्दांचा विचार करण्यात एक गेला. मग काचेचा ठोकळा आड आला. चूक ही पिठासारखी असते, झाकून ठेवली की फुगते. फेब्रुवारी उजाडेपर्यंत या चुकीच्या मापाचा केक अख्ख्या नॉर्वेत भाजला जात नव्हता.

दरम्यान गुन्वोर भाजत होती.

"गायीनं परत गारगोटी दिली," एका शुक्रवारी ती उभी राहून म्हणाली. "वाफ मी उशिरा चढवली असावी." आणि बसली.

"'असावी' हा शब्द मला आवडतो," स्टिग-आर्वे म्हणाला. "त्यात शिकण्याची तयारी आहे."

"तयारी संपत आली. आधी पाण्याला दोष दिला, मग ढवळण्याला, आज वाफेला. पुढल्या आठवड्यात चंद्रावर ढकलीन."

लोक हसले. डब्यांचे कागद गोळा झाले, ब्राउन चीजचे तुकडे पुसले गेले, केक फिरला. आयलिफच्या बशीत एक तुकडा आला. तो त्यानं संपवला.

"आणखी घे की," गुन्वोर म्हणाली. "तुझ्याच कृतीच्या नावानं भाजलाय."

त्यानं दुसरा घेतला. नको म्हटलं असतं तर संशय आला असता असं त्याला वाटलं. वास्तविक केक नाकारणाऱ्याचा संशय जगात कुणी घेत नाही. पण खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही, आणि आयलिफ तर दोन-दोन तुकडे खात होता.

मार्चमध्ये स्टिग-आर्वेनं त्याला कॉफीच्या यंत्राजवळ गाठलं. "एक विचारू? तुझ्याकडे कृती अजून चालते ना?"

"चालते," आयलिफ म्हणाला. लाडक्या पेल्यात ती चालतच होती.

"मग प्रश्न कृतीचा नाही, हाताचा आहे. गुन्वोर गुणी बाई आहे, पण वीस वर्षं एका जागी म्हणजे प्रवास थांबतो. ईस्टरनंतर तिला गोदामाकडे देऊ. तिच्या शिस्तीचा तिथे उपयोग होईल."

"घाई होतेय," आयलिफ म्हणाला.

"तुझा हा मोठेपणा मला माहीत आहे," स्टिग-आर्वे म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर थोपटून गेला.

त्या दिवशी आयलिफनं ठरवलं, की गुन्वोरला वाचवायचं. सत्य सांगून वाचवणं हा एक मार्ग होता. पण भल्या माणसाला आडमार्गानं भलं करायची सवय लागली की सरळ रस्ता त्याला उद्धट वाटू लागतो. त्यानं घरून क्लाउडबेरी या रानफळाच्या मुरंब्याची रिकामी बरणी आणली, धुतली, कोरडी केली, आणि कपाटातल्या जुन्या महाग जिओलाइटनं गळ्यापर्यंत भरली. विरजण गायीत पडलं की गाय दूध देईल. गुन्वोरची लाज राहील, पेटंट राहील, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही.

"मी पुढल्या खेपेला येऊन उभा राहतो," तो तिला म्हणाला.

"ये. गायीलाही जरा नवा चेहरा दिसेल."

गुन्वोर हेल्मेट घालून वरच्या जाळीवर उभी होती. खळ भांड्यात उतरत होती. ती तापमान बघायची, नळावर हात ठेवायची, पुन्हा बघायची. भांड्याच्या तोंडाशी दोघंच होती.

"आयलिफ, एक खरं सांगशील?" ती म्हणाली. "तू तिकडे वेगळं काय करतोस? कृतीत न लिहिलेलं काहीतरी प्रत्येकाचं असतं. माझी आई पावाच्या कणकेत बटाट्याचं पाणी घालायची आणि शेजारणींना सांगायची नाही. असलं काही असेल तर सांग. मी रागावणार नाही."

आयलिफच्या उजव्या खिशात बरणी होती. तिचं झाकण त्याच्या बोटांना लागत होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "जसं लिहिलंय तसंच."

"बरं," ती म्हणाली. तेवढ्यात खालून तिला फोनसाठी हाक आली आणि ती जिना उतरली. आयलिफनं बरणी काढली आणि उलटी केली. भुकटी खळीत पडली, क्षणभर वर तरंगली आणि मग दिसेनाशी झाली. बरणी खिशात जाते न जाते तोच गुन्वोर परत आली.

"काय करत होतास?"

"बघत होतो."

"तुझा पायगुण लागू दे एकदाचा तिला," ती म्हणाली आणि झाकणाचे बोल्ट आवळायला लागली.

ईस्टरच्या सुटीआधी तिचा फोन आला. "दिलं," ती म्हणाली. मागे कुणीतरी डब्यावर डबा आपटत होतं. "यंत्रावर तूच येऊन बघ. पण दिलं."

आयलिफला वाटलं, सुटलो. ही सुटका मीटिंगच्या खोलीपर्यंत टिकली.

"गुन्वोर, अभिनंदन," स्टिग-आर्वे म्हणाला. "आता सांग, या खेपेला तू वेगळं काय केलंस?"

"काहीच नाही."

"नेमकं. मग आधी तू तेच करत नव्हतीस. आयलिफ शेजारी उभा राहिला आणि झालं. तो नव्हता तेव्हा झालं नाही. मी कुणाला दोष देत नाहीये, मी फक्त मोजतोय."

आयलिफ म्हणाला, "मी नुसता उभा होतो." त्याच्या आयुष्यातलं इतकं नम्र आणि इतकं खोटं वाक्य दुसरं नसेल.

गुन्वोरनं टेबलावर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघितलं. "असेल," ती म्हणाली. "वीस वर्षांत हाताला सवयी लागतात. आपल्याला कळतसुद्धा नाही."

गोदामाचं नक्की झालं. आयलिफला गोदामाचं तितकं लागलं नाही, जितकं ते हातांकडे बघणं लागलं. गुन्वोर त्वैताननं आजवर वाऱ्यावर, वाफेवर, वरिष्ठांवर संशय घेतला होता. हातांवर कधी घेतला नव्हता. ते त्यानं करवून घेतलं होतं, मुरंब्याच्या एका बरणीनं.

ईस्टरला सगळा देश डोंगरातल्या लाकडी घरांत जाऊन संत्री खातो आणि खुनाच्या कादंबऱ्या वाचतो. आयलिफनंही एक उघडली. गुन्हेगार कोण हे त्याला लवकर कळलं, आणि पहिल्यांदाच त्या माणसाची अडचण पटली. पण शेवटी पोलिसांनी चुकीच्या बाईला धरलं तेव्हा त्यानं पुस्तक मिटलं.

"संत्रं सोलून तसंच धरून बसलायस," त्याची बायको बोर्गहिल्ड म्हणाली. "कधीपासून."

"केक कसा भाजतात?"

"कशासाठी?"

"चुकीसाठी."

"तुझ्या?"

"हो."

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. गेले तीन महिने नवरा झोपेत कूस का बदलतो, हे तिनं विचारलं नव्हतं. "मोठी आहे?"

"मार्झिपानच्या पलीकडची."

"मग तूच भाज," ती म्हणाली. "मी हात लावणार नाही. अंडी फ्रिजबाहेर काढून ठेव."

ज्या माणसानं तीस वर्षं स्फटिक शिजवले त्याला केक फुगवता आला नाही. कृतीत लिहिलं होतं तसंच सगळं केलं, ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजून. मधोमध तो बसला. बोर्गहिल्डनं नुसतं बघितलं.

सुटीनंतरच्या शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर दोन खोके होते. गुन्वोरनं तिचा उघडला. पांढराशुभ्र मार्झिपान, कडेला गुलाब. काहींच्या डोळ्यांपुढे खाडी आली असावी.

"हा आजवरच्या सगळ्या गारगोट्यांसाठी मिळून," ती उभी राहून म्हणाली. "सोमवारपासून मी गोदामात. चूक माझ्या हातांची—"

"थांब," आयलिफ म्हणाला आणि उठला. "आधी माझा."

"तुझा कशाला?" स्टिग-आर्वे म्हणाला. "आज तर यशाचा दिवस आहे."

आयलिफनं झाकण काढलं. सगळ्यांनी आधी केककडे आणि मग आयलिफकडे बघितलं, इतका तो बसलेला होता.

"माझी कृती चालत नाही," आयलिफ म्हणाला. "माझ्या पेल्यात जुने स्फटिक चिकटलेले होते, म्हणून ती चालल्यासारखी दिसली. हे मला जानेवारीपासून माहीत आहे. आणि गायीत मी बरणीभर जुना जिओलाइट टाकला, गुन्वोर फोनवर होती तेव्हा. तिनं दर वेळी सगळं बरोबरच केलं होतं."

"ही एकाहून जास्त वाक्यं झाली," सुरक्षा प्रतिनिधी म्हणाला. तो नियमांचा माणूस होता.

स्टिग-आर्वेनं उठून दार लावलं आणि तो परत बसला. "हे आपण या खोलीत ठेवू. अर्जात काय लिहिलंय ते—"

"अर्जाच्या वकील बाईंना मी सकाळी फोन केला. त्यांनी थांबायला सांगितलं. फोनवर बराच वेळ बासरी वाजत होती. मग म्हणाल्या, अर्ज मागे घ्यावा लागेल."

स्टिग-आर्वेला पहिल्यांदाच कुठला प्रवास दिसेना. तो केककडे बघत राहिला.

गुन्वोर अजून उभीच होती. "बरणी कसली?" तिनं विचारलं.

"मुरंब्याची. क्लाउडबेरीच्या."

"भरलेली?"

"गळ्यापर्यंत."

ती मनात काहीतरी मांडत होती. गायीत किती, खळीला किती, महाग रेणू किती वाचेल. हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि आयलिफला तेवढ्यापुरतं वाटलं, की बहुधा निभावलं. मग तिचं गणित संपलं.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"सरळ विचारलं होतं. रागावणार नाही म्हणाले होते."

"हो."

"ते आता लागू नाही." तिनं मार्झिपानच्या खोक्याचं झाकण लावलं, चारी कोपरे दाबले. "माझे सगळे केक तू खाल्लेस, आयलिफ. प्रत्येकाचा दुसरा तुकडा घेतलास. मी घरी सांगायचे, निदान एका माणसाला तरी माझं वाईट वाटतं."

"म्हणजे मग गाय," स्टिग-आर्वे सावधपणे म्हणाला, "गाय ठीक आहे?"

"गाय ठीक आहे. तिला विरजण लागतं. कृतीत लिहा, आणि 'काहीही न घालता' खोडा."

"आणि गोदाम?"

"गोदामाला दुसरं कुणी बघ." तिनं खोका उचलला. "हा केक घरी चाललाय. यातली एकही चूक माझी नाही." दाराशी ती थांबली, आयलिफकडे न बघता. "सोमवारी गायीपाशी ये. विरजण तू टाकायचंस, सगळ्यांच्या देखत. तराजूवर मोजून. मुरंब्याच्या बरणीतून नाही."

ती गेली. नियम नियम असतो, तेव्हा आयलिफनं आपला केक कापला. सगळ्यांनी एकेक तुकडा घेतला. मध्ये तो कच्चा होता. लोकांनी तो शेवटपर्यंत खाल्ला, बशीतल्या कणांकडे बघत, आणि आपापल्या कामाला गेले. दुसरा तुकडा कुणी घेतला नाही.

आयलिफ खोका घेऊन प्रयोगशाळेत आला. लाडका पेला काढला, कडक सोड्यात बुडवला आणि उकळायला ठेवला. ओरखड्यातल्या पांढऱ्या रेघा हळूहळू पुसट झाल्या आणि मग नाहीशा झाल्या. आता त्या पेल्यात गारगोटीच निघाली असती, जशी इतरांच्या निघते.

केक संपला की चूक संपली, असा तिथला नियम होता. त्यानं खोक्यात बघितलं. अर्ध्याहून जास्त उरला होता.